गाळ्याचं रेस्टॉरंट करताना: धूर, सांडपाणी आणि नागपूरचा उन्हाळा

धरमपेठ, प्रतापनगर, मनीषनगर, बेसा, वर्धा रोड, कुठेही फिरा. कालपरवापर्यंत जिथे कापडाचं दुकान, बँकेची शाखा किंवा कोचिंग क्लास होता, तिथे आज रेस्टॉरंटची पाटी दिसते. त्यातल्या काही पाट्या वर्ष-दोन वर्षांत उतरतातही. माझ्या पाहण्यात अशा पुष्कळ ठिकाणी स्वयंपाक चांगला होता. पण हॉलमध्ये फोडणीचा ठसका भरायचा, वरच्या मजल्यावरचे लोक धुराची तक्रार घेऊन यायचे, मोरी तुंबायची आणि मे महिन्यात आचारी काम सोडून जायचा. हे प्रश्न जागा निवडताना आणि पहिला नकाशा काढताना सुटतात. नंतर सोडवायचे म्हटले की फॉल्स सीलिंग उतरवा, फरशी फोडा आणि तेवढे दिवस शटर खाली ठेवून भाडं भरत राहा.

म्हणून हा लेख मागच्या दारापासून सुरू होतो. धूर कुठून जाणार, सांडपाणी कुठून जाणार, गॅस कुठे राहणार, वीज किती लागणार, हे आधी. खुर्च्या, दिवे आणि भिंतींचे रंग त्यानंतर.

करार करण्याआधी

जागा आवडली की लगेच भाड्याची घासाघीस सुरू करू नका. दुसऱ्या वेळी जाताना एक जाणता प्लंबर आणि डक्टचं, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पत्र्याच्या नळाचं, काम करणारा फॅब्रिकेटर सोबत घ्या, आणि दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला जा. इंटिरियर डिझायनर नंतर आला तरी चालतं. जागा घ्यायची की सोडायची, हे या दोघांच्या उत्तरावर ठरतं.

फॅब्रिकेटरला एकच गोष्ट विचारायची: स्वयंपाकघर जिथे होईल तिथून गच्चीच्या वरपर्यंत डक्ट कसा जाईल? इमारतीला मोकळा शाफ्ट आहे का, मागची भिंत आपल्याला वापरता येईल का, मध्ये कुणाची खिडकी किंवा बाल्कनी येते का? तळमजल्याच्या गाळ्याच्या मागच्या भिंतीला पंखा लावून धूर गल्लीत सोडायचा, हा उपाय शहरात सगळीकडे दिसतो आणि सगळीकडे भांडणं लावतो. चार मजली इमारतीत डक्ट गच्चीवर नेण्याचा खर्च डोळ्यांत भरतो, पण तो करायचाच आहे असं धरून जागेचा हिशेब मांडा. गच्ची सोसायटीची असेल तर सोसायटीची लेखी परवानगी हवी. जागामालकाच्या तोंडी ‘हो’ला इथे काही किंमत नाही.

प्लंबरने पाहायचं ते चेंबर, म्हणजे सांडपाणी जमून पुढच्या लाइनला जातं तो झाकणाचा खड्डा. ते गाळ्याच्या पुढे आहे की मागे, फरशीपासून किती खोल आहे, कोणत्या लाइनला जोडलंय? झाकण उघडून, बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात पुढे सरकतं ते बघा. शौचालयाची आणि स्वयंपाकघराची लाइन इमारतीत एकच असेल तर तेही आत्ताच कळू द्या.

जोत्याची उंची रस्त्याशी ताडून बघा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून सीताबर्डीतल्या मोरभवनपर्यंत पाणी शिरलं. त्या रात्री पाणी कुठपर्यंत चढलं होतं हे शेजारच्या दुकानदाराला नक्की आठवतं, त्याला विचारा. तळघर स्वस्तात मिळतंय म्हणून तिथे स्वयंपाकघर नेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. पाण्याचा धोका आहेच, शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर गॅस तळघरात साचून राहतो.

स्लॅबची ताकद हा वरच्या मजल्यावरच्या जागांचा आणि बंगल्यांचा प्रश्न. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो, भार धरलाय. दुकानं आणि रेस्टॉरंटसाठी ४ किलोन्यूटन. दुकानाचा गाळा बहुतेक वेळा रेस्टॉरंटचा भार पेलतो. धरमपेठेतल्या किंवा रामदासपेठेतल्या जुन्या बंगल्याचा पहिला मजला मात्र घरासाठी बांधलेला असतो. तिथे सहा इंच वीट-कोबा घातला की चौरस मीटरला अडीचशे किलोंच्या वर वजन नुसत्या भरावाचंच होतं. अशा जागेत स्वयंपाकघर तळमजल्यावर ठेवा आणि वर फक्त बसायची जागा करा, तीही स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्यावरच. शिवाय शहराच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि जुन्या भिंतींना तिरक्या भेगा पाडते. भेग रंगाने झाकलेली असेल तर तिच्यावरून नखानं चाचपून पाहा.

कागद आणि करार

दुकान म्हणून मंजूर झालेली जागा आपोआप रेस्टॉरंट होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ नुसार वापर बदलायला नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि मंजुरीचे निकष २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत म्हणजे यूडीसीपीआरमध्ये आहेत: रस्त्याची रुंदी, पार्किंग, कोणत्या झोनमध्ये काय चालतं. प्राधिकरण कोणतं, हे नागपुरात आधी विचारावं लागतं. महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास की एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), हे जागेच्या हद्दीवर ठरतं. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र जागामालकाकडून मागून घ्या आणि आर्किटेक्टला दाखवा. नकाशात ज्या जागेला पार्किंग लिहिलंय ती तुम्हाला हॉल म्हणून दिली जात असेल तर तिथूनच परत फिरा.

अकरा महिन्यांच्या करारावर रेस्टॉरंट उभारू नका. डक्ट, ग्रीज ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी), वायरिंग, फरशी हा सगळा खर्च दुसऱ्याच्या भिंतीत जातो आणि तो वसूल व्हायला वेळ लागतो. पाच वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स करार करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे त्याची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी जागामालकाची. लॉक-इन (ठरावीक काळ करार न मोडण्याचं बंधन) दोघांनाही बांधणारं असावं. अनेक करारांत ते फक्त भाडेकरूला बांधतं. मालक मात्र दोन महिन्यांच्या नोटिशीवर मोकळा राहतो.

करारात आणखी चार गोष्टी नाव घेऊन लिहून घ्या: डक्ट गच्चीवर नेण्याचा व तिथे पंखा बसवण्याचा हक्क, गॅसच्या टाक्यांची बाहेरची जागा, वीजभार वाढवण्याच्या अर्जावर मालक सही करेल ही हमी, आणि काम चालू असतानाचा बिनभाड्याचा काळ. दोन ते तीन महिन्यांचा असा काळ मागायला संकोच करू नका. मोठ्या ब्रँडना तो मिळतो. नीट मागितला तर तुम्हालाही मिळतो.

आधी मेनू, मग नकाशा

स्वयंपाकघराचा नकाशा मेनूवरून निघतो. कॉफी, सँडविच आणि बेकरीच्या कॅफेला ओव्हन, फ्रिज आणि भरपूर वीज लागते. धूर फारसा होत नाही. डोसा-इडलीला ग्राइंडर, स्टीमर, तवा आणि वाहतं पाणी. सावजी करायचं असेल तर मसाला भाजण्यापासूनच हवा तिखट होते, मोठ्या पातेल्यात तासन्‌तास रस्सा शिजतो आणि ताटावरची तर्री शेवटी तुमच्याच मोरीत उतरते. तंदूर असेल तर उष्णतेचा आणखी एक कायमचा स्रोत आला. चायनीज, तंदूर, साउथ इंडियन आणि सावजी असं सगळं बाराशे फुटांत करायला निघालात तर प्रत्येकाला अपुरी जागा मिळेल. मी प्रत्येक वेळी मेनू निम्मा करा असंच सांगते.

मेनू ठरला की आचाऱ्यासोबत बसा. कोणता पदार्थ कोणत्या भट्टीवर, एका वेळी किती, त्याची तयारी कुठे, तो वाढायला कुठून निघणार, हे कागदावर उतरवा. त्या कागदावरून उपकरणांची यादी, त्यांची मापं, गॅसचे आणि विजेचे पॉइंट निघतात. ही यादी पक्की होईपर्यंत एकही भिंत उभी करू नका.

बाराशे फुटांचा हिशेब

उदाहरणादाखल २० फूट रुंद, ६० फूट खोल, तळमजल्याचा १,२०० चौरस फूट कार्पेटचा गाळा घेऊ. स्वयंपाकघर, भांडी धुण्याची जागा आणि कोठार मिळून ४२० फूट. शौचालयं आणि हात धुण्याची जागा ९० फूट. काउंटर आणि वाट पाहणाऱ्यांसाठी ८० फूट. उरलेल्या ६१० फुटांत बसायची व्यवस्था. एका माणसामागे जाण्यायेण्याच्या वाटेसह साधारण १६ फूट धरले तर ३६ ते ३८ खुर्च्या बसतात. स्वयंपाकघर चोरून खुर्च्या वाढवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण स्वयंपाकघर ३६ ताटांचं असताना हॉल ५० चा केला तर ऑर्डर यायला पाऊण तास लागतो आणि जास्तीच्या १४ खुर्च्यांचा काहीच फायदा होत नाही.

आता या खुर्च्यांना भाडं झेपतं का ते बघा. भाडं विक्रीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावं, असा या धंद्यातला जुना अंदाज आहे. समजा भाडं ७०,००० रुपये. मग महिन्याला ७ लाखांची विक्री हवी, म्हणजे दिवसाला सुमारे २३,३०० रुपये. माणशी बिल २५० रुपये धरलं तर रोज ९३ माणसं, म्हणजे ३६ खुर्च्या दिवसातून अडीच वेळा भराव्या लागतात, सोमवारीसुद्धा. हा आकडा तुमच्या मेनूला आणि त्या रस्त्याला शक्य वाटत नसेल, तर कितीही सुंदर इंटिरियर तो शक्य करणार नाही.

स्वयंपाकघराची मांडणी

माल मागच्या दाराने आत यावा, कोठारात जावा, तिथून निवडणं-चिरणं, मग भट्टी, मग वाढप खिडकी. उष्टी भांडी दुसऱ्या बाजूने आत यावीत आणि धुण्याच्या जागेवरच थांबावीत. या दोन वाटा एकमेकींना छेदत असतील तर नकाशा पुन्हा काढा. मागचं दार नसेल तर माल सकाळी गिऱ्हाईक येण्याआधीच उतरवून घ्यायचा नियम करावा लागेल आणि त्यासाठी कोठार मोठं लागेल.

दोन ओट्यांमधली वाट साडेतीन ते चार फूट ठेवा. त्याहून कमी असेल तर गरम कढई घेऊन वळणाऱ्याचा धक्का लागतो. जास्त असेल तर आचारी दिवसभर उगाच चालतो. कामाचा ओटा ३३ ते ३४ इंच उंच. पण रश्श्याची मोठी पातेली ज्या भट्टीवर चढतात तिची उंची १८ ते २४ इंचच हवी, नाहीतर ढवळताना हात खांद्याच्या वर जातात. शाकाहारी आणि मांसाहारी तयारीचे ओटे, सुऱ्या, फ्रिजचे कप्पे वेगळे. हात धुण्याचं छोटं बेसिन भट्टीपासून चार पावलांवर हवं. दूर असलं की ते कुणी वापरत नाही. भांड्यांसाठी तीन कप्प्यांचं सिंक.

आचारी आणि मदतनीस दिवसाचे दहा-दहा तास या खोलीत काढतात. त्यांना कपडे बदलायला, डबा खायला, दोन मिनिटं बसायला एक कोपरा नकाशातच द्या. नागपुरात चांगला कारागीर टिकवणं हे गिऱ्हाईक टिकवण्याइतकंच अवघड आहे.

धूर आणि हवा

या भागावर पैसे वाचवू नका.

हूड, म्हणजे भट्ट्यांवरचं धूर ओढणारं छत्र, भट्ट्यांच्या ओळीपेक्षा प्रत्येक बाजूला सहा इंच मोठं हवं आणि त्याची खालची कड फरशीपासून साडेसहा फुटांवर. आत स्टीलचे बॅफल फिल्टर तिरके बसवा, म्हणजे तेल निथळून खालच्या पन्हाळीत येतं. जाळीचे फिल्टर स्वस्त असतात, पण लवकर चोंदतात आणि पेट घेतात.

पंखा किती मोठा, याचा साधा हिशेब आहे. हूड ८ फूट लांब, ४ फूट रुंद, म्हणजे ३२ चौरस फूट. भिंतीला लागून असलेल्या हूडच्या तोंडाशी हवेचा वेग मिनिटाला ८० ते १०० फूट हवा. म्हणजे २,५६० ते ३,२०० सीएफएम (मिनिटाला तेवढे घनफूट हवा). सावजी, तंदूर किंवा चायनीज असेल तर वरचाच आकडा घ्या. डक्टमध्ये हवा मिनिटाला १,५०० फुटांच्या आसपास वाहावी. ३,००० सीएफएमला २ चौरस फुटांचा, म्हणजे साधारण १८ बाय १६ इंचांचा डक्ट लागतो. फॅब्रिकेटर १२ बाय १२ चा डक्ट सुचवत असेल तर तो आवाज करेल आणि धूर ओढणार नाही. जितकी वळणं कमी तितकं बरं. जोड वेल्ड केलेले हवेत. पट्ट्या मुरडून केलेल्या जोडांतून काही महिन्यांत तेल ठिबकतं, आणि ते बहुधा फॉल्स सीलिंगवरच पडतं. प्रत्येक वळणावर आणि आडव्या भागात दर १२ फुटांवर साफसफाईचं दार ठेवा.

पंखा गच्चीवर, डक्टच्या शेवटी बसवा. मग डक्टमधली हवा सगळीकडे ओढली जाते आणि एखादा जोड उघडला तरी वास हॉलमध्ये येत नाही. पंख्याखाली रबराचे पॅड, पंखा आणि डक्टमध्ये कॅनव्हासचा जोड, तोंड वर, आणि शेजाऱ्यांच्या खिडक्यांपासून व पाण्याच्या टाक्यांपासून दूर. रात्री अकराला वरच्या मजल्यावर जाऊन आवाज ऐका. शेजाऱ्यांशी संबंध तिथेच ठरतात.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. बाहेर ३,००० सीएफएम हवा फेकली तर तेवढी आत कुठून तरी आली पाहिजे. वाट ठेवली नसेल तर पंखा ती हॉलमधून ओढतो: एसीची थंड हवा भट्टीवरून गच्चीवर जाते, मुख्य दार उघडताना जड लागतं, शौचालयाचा वास हॉलमध्ये येतो आणि तरीही धूर नीट जात नाही. बाहेर जाणाऱ्या हवेच्या ८० ते ९० टक्के हवा दुसऱ्या पंख्याने थेट स्वयंपाकघरात द्या. उरलेली हॉलकडून येऊ द्या, म्हणजे वाढप खिडकीतून वास उलटा हॉलमध्ये येत नाही.

इथे आपला उन्हाळा कामाला येतो. एप्रिल-मेच्या दुपारी नागपूरची हवा भट्टीसारखी तापते, पण ती कोरडी असते. म्हणून ही आत येणारी हवा डक्टेबल कूलरमधून घ्या. ४४ अंशांची कोरडी हवा ओल्या पॅडमधून आली की तिशीच्या आसपास उतरते. एसीच्या मानाने फारच थोड्या विजेवर आचाऱ्याच्या अंगावर गार झोत येतो. झोत त्याच्या पाठीकडून, खांद्याच्या उंचीवर आणि मंद असावा; हूडच्या तोंडावर आडवा मारला तर तो धूर विस्कटतो. पावसाळ्यात कूलरचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवायचा. पाणी बोअरचं आणि जड असेल तर पॅडवर क्षार बसतात. दर हंगामाआधी पॅड बदलण्याचा खर्च धरून ठेवा.

सांडपाणी

स्वयंपाकघराची जागा चेंबर ठरवतं. चेंबरपर्यंत ४० फूट लाइन टाकायची आणि ६० ला १ उतार द्यायचा तर लाइन शेवटाला ८ इंच खाली जाते. तळमजल्यावर फरशी खोदून हे जमतं. वरच्या मजल्यावर मात्र स्वयंपाकघराची अख्खी फरशी तेवढी उचलावी लागते आणि दाराशी ८ इंचांची पायरी येते. ट्रे घेऊन धावणारा वेटर त्याच पायरीला अडखळतो. १२ ला १ उताराचा रॅम्प केला तर तो ८ फूट जागा खातो. स्वयंपाकघर चेंबरच्या जवळ नेलं की ही सगळी गुंतागुंत कमी होते.

तळमजल्यावर जुन्या भरावात नुसता पाइप पुरून वर फरशी लावू नका. काळी माती हलली की जोड उघडतात आणि पाणी जोत्याखाली मुरत राहतं. पाइपखाली काँक्रीटची पट्टी द्या. भात वेळून काढलेलं उकळतं पाणी आणि गरम तेलकट धुवण ज्या पाइपात जातं तिथे साधा पीव्हीसी मऊ पडतो; पहिल्या टप्प्यात कास्ट आयर्न किंवा पॉलीप्रॉपिलीन वापरा. भट्ट्यांसमोर आणि भांड्यांच्या जागी स्टीलच्या जाळीची उघडी नाली द्या, जाळी हाताने उचलता येईल अशी. फरशीला नालीकडे ८० ते १०० ला १ उतार. वॉटरप्रूफिंग झाल्यावर फरशी लावण्याआधी दोन दिवस पाणी भरून ठेवा, आणि खाली मजला असेल तर खाली जाऊन छत बघा.

ग्रीज ट्रॅपशिवाय एकही सिंक चेंबरला जोडू नका. तेल गरम असताना पाण्यासोबत वाहून जातं, पुढे गार होऊन पाइपात थिजतं आणि लाइन बंद करतं. हिवाळ्यात हे जास्त होतं. ट्रॅपमध्ये पाणी वीस ते तीस मिनिटं थांबायला हवं. दोन नळ मिळून मिनिटाला ३० लिटर सोडत असतील तर ३० मिनिटांसाठी ९०० लिटरचा ट्रॅप हवा. सिंकखाली बसणारा बादलीएवढा ट्रॅप कॅफेला पुरतो, सावजीला पुरत नाही. तो बाहेर, झाकण सहज उघडेल आणि उपसलेलं तेल हॉलमधून न्यावं लागणार नाही अशा जागी ठेवा. साफसफाई आठवड्याला.

फरशी खरखरीत विट्रिफाइड आणि सांध्यांना इपॉक्सी ग्राउट. भिंतीला सात फुटांपर्यंत टाइल, फरशी आणि भिंतीच्या कोपऱ्यात गोलाई.

गॅस, वीज, आग

१९ किलोच्या व्यावसायिक टाक्याच वापरायच्या, घरगुती १४.२ किलोची टाकी व्यवसायात चालत नाही. २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांप्रमाणे १०० किलोपर्यंतचा एलपीजी साठा परवान्याशिवाय ठेवता येतो. म्हणजे भरलेल्या पाच टाक्या, ९५ किलो. जास्त लागणार असेल तर रीतसर परवानगी आणि गॅस एजन्सीच्या तंत्रज्ञाकडून मॅनिफोल्ड (अनेक टाक्या एका लाइनला जोडणारी पाइपची जोडणी). टाक्या बाहेर, सावलीत, हवा खेळेल अशा जाळीच्या कोठडीत. पश्चिमेच्या उन्हात पत्र्याच्या पेटीत नकोत. गॅस डिटेक्टर फरशीजवळ लावा, आणि मुख्य कॉक स्वयंपाकघराबाहेरूनही बंद करता आला पाहिजे.

आपल्या उदाहरणातल्या गाळ्यात हॉलचा सहा टनांचा एसी सुमारे ७ किलोवॅट, एक्झॉस्ट दीड, कूलरचा पंखा दीड, फ्रिज आणि डीप फ्रीझर २, ग्राइंडर-मिक्सर-ओव्हन ४, गीझर ३, दिवे दीड. बेरीज वीस किलोवॅटच्या पुढे जाते. दुकानाचं जुनं कनेक्शन याच्या जवळपासही नसतं. महावितरणकडे थ्री-फेज वाढीव भाराचा अर्ज काम सुरू होण्याआधी करा. फॉल्स सीलिंगच्या वर, तापलेल्या स्लॅबखाली मेमध्ये वायर किती गरम होत असेल याचा विचार करून एक माप जाड वायर घ्या. ओल्या जागेतल्या सर्किटला ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच सर्किट तोडणारं स्विच.

आगीच्या बाबतीत महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ लागू होतो. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा बसवल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि दर जानेवारी-जुलैत देखभालीचं. नकाशा महापालिकेच्या अग्निशमन विभागाला काम सुरू होण्याआधी दाखवा. तेलाच्या आगीवर पाणी मारलं तर ती उसळते. भट्टीजवळ वेट केमिकलचा अग्निशामक ठेवा आणि तो कसा वापरायचा हे प्रत्येक कामगाराला हातात देऊन शिकवा. दुसरं दार असलंच पाहिजे, ते बाहेर उघडलं पाहिजे आणि त्याच्यापुढे कांद्याची पोती रचलेली नसावीत. डक्टला लागून प्लायवूड किंवा फोम नको.

बसायची जागा

पश्चिमेला अखंड काच लावलेला हॉल नागपुरात मार्च ते जून वापरता येत नाही. काच हवीच असेल तर बाहेर खोल छज्जा, जाळी किंवा बांबूचे चिक लावा. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो. वर उघडी गच्ची असेल तर आधी तिच्यावर पांढरी चिनी मोझेक किंवा इन्सुलेशन करा, मगच एसी किती टनांचा ते ठरवा. भरलेल्या हॉलला नागपुरात दर शंभर फुटांना एक टन धरलं तर मेमध्ये निभावतं.

इथे लोक कुटुंबासह आणि घोळक्याने जेवायला येतात. चारच्या टेबलांची रांग लावून टाकण्यापेक्षा दोघांची २४ इंची टेबलं जास्त घ्या. ती जोडली की चार, सहा, आठ माणसं एकत्र बसतात. सुटी केली की दोघं जण चारची जागा अडवत नाहीत. वेटरच्या मुख्य वाटेला किमान तीन फूट. सगळ्या भिंती, छत आणि फरशी गुळगुळीत असतील तर तीस माणसांत शेजारचं बोलणं ऐकू येत नाही. छताचा काही भाग तरी आवाज शोषणाऱ्या बोर्डाचा करा. दिवे उबदार, २,७०० ते ३,००० केल्विनचे. पांढऱ्या-निळ्या उजेडात तर्रीचा लाल रंग मेलेला दिसतो.

दाराशी पायरीबरोबर रॅम्प हवाच, १२ ला १ उताराचा. म्हातारे आजी-आजोबा जिथे सहज चढू शकतात तिथे अख्खं घर जेवायला येतं. शौचालयाचं दार कुठल्याही टेबलासमोर उघडू नये.

पैसा आणि क्रम

रेस्टॉरंटच्या सेवेवर ५ टक्के जीएसटी लागतो, पण त्यावर इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे उपकरणं, टाइल, फर्निचर, कंत्राटदार आणि भाडं यांवर भरलेला बहुतेक १८ टक्के कर थेट तुमच्या खिशातून जातो. कोटेशन ‘कर वेगळा’ असं असेल तर तुलना करण्याआधी कर मिळवून घ्या. एकूण अंदाजाच्या पंधरा टक्के रक्कम अडचणींसाठी बाजूला ठेवा आणि तीन महिन्यांचं भाडं व पगार त्याहून वेगळे.

कामाचा क्रम असा: तोडफोड, ड्रेनेज, वॉटरप्रूफिंग, डक्ट आणि गच्चीवरचा पंखा, गॅसची पाइपलाइन, वायरिंग, फरशी व टाइल, मग फॉल्स सीलिंग, रंग, उपकरणं, शेवटी फर्निचर. गच्चीत किंवा भिंतीत डक्टसाठी पाडायचं भोक जूनच्या मध्याआधी, पाऊस यायच्या आत, बुजवून व्हायला हवं.

एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना उलाढालीनुसार ठरतो. अर्ज फॉस्कॉस पोर्टलवर. पाण्याचा तपासणी अहवाल, कामगारांची वैद्यकीय प्रमाणपत्रं आणि स्वयंपाकघराचा नकाशा तयार ठेवा. थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली, गरम पदार्थ ६० च्या वर राहतील अशी सोय ओट्यातच करा. एकूण ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढणारी) २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तळणीचं तेल वापरता येत नाही, म्हणून जुनं तेल साठवायलाही जागा हवी. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर परवाना क्रमांक छापणं सक्तीचं आहे. बिलिंग सॉफ्टवेअर घेतानाच तो टाकून घ्या. शॉप अ‍ॅक्ट आणि जीएसटीची कामं समांतर चालू द्या.

पाटी लावण्याआधी चार-पाच दिवस घरच्यांना आणि ओळखीच्यांना जेवायला बोलवा. एका दुपारी सगळ्या भट्ट्या, एसी, गीझर, ग्राइंडर एकाच वेळी अर्धा तास चालू ठेवा आणि मुख्य केबलला, एमसीबीला हात न लावता वायरमनकडून तापमान मोजून घ्या. मिरच्या घालून फोडणी द्या आणि हॉलच्या शेवटच्या टेबलावर जाऊन बसा. तिन्ही सिंक भरून एकदम सोडा आणि चेंबर बघा. जे अडेल त्याची यादी कंत्राटदाराला त्याच दिवशी लेखी द्या. त्याच्या बिलातले पाच ते दहा टक्के पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवायचे, हे सुरुवातीच्या करारातच लिहा. गच्चीवर डक्टभोवती केलेलं काम गळतं की नाही, ते जुलैतल्या झडीतच कळतं.